यंत्रमानवाची वेठ : काही जुन्या विज्ञानकथा आणि त्यांचे चित्रपट

आमच्या निवासी शाळेत शनिवारी रात्री भोजनगृहाच्या भिंतीवर पांढरा पडदा लावून चित्रपट दाखविण्याची पद्धत आहे. मागील वर्षी विज्ञान सप्ताहाच्या निमित्ताने आम्ही १९३१ सालचा 'फ्रँकेन्स्टाइन' दाखविला. दिवे लागल्यावर आठवीतील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, तो राक्षस बोलत का नाही? आणि त्याला नाव का नाही?" त्या वेळी आम्ही, जुना चित्रपट आहे, तसाच असतो, असे काहीतरी उत्तर देऊन मुलांना झोपायला पाठविले. ते उत्तर खोटे होते, हे मूळ पुस्तक पुन्हा उघडल्यावर ध्यानी आले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे. आणि एका पुस्तकावरून दुसऱ्याकडे जाता जाता ते उत्तर बरेच लांबले आहे.

विज्ञानकथा म्हटली की मराठी वाचकाला प्रथम भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आठवतो. पाण्याखालून जाणारी बोट, चंद्राकडे सुटलेला तोफेचा गोळा, पृथ्वीच्या पोटातील प्रवास! त्यामुळे पुढे होणाऱ्या शोधांचे भाकीत आधीच सांगणारी ती विज्ञानकथा, अशी आपली समजूत झाली आहे. ती अगदीच चुकीची नाही. परंतु या साहित्याचा दुसराही एक प्रवाह आहे आणि तो व्हर्नहूनही जुना आहे. यंत्र काय करील, हा त्याचा प्रश्न नाही. काम कोण करील, कोणासाठी करील, आणि काम करणाऱ्याला माणूस म्हणावयाचे की नाही, हा त्याचा प्रश्न आहे.

मेरी शेली यांनी 'फ्रँकेन्स्टाइन' लिहावयास घेतली तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. साल १८१६. आदल्या वर्षी इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता आणि त्याच्या धुळीने युरोपचा उन्हाळा पावसाळी व थंड करून टाकला होता. जिनिव्हा सरोवराकाठी घरात अडकून पडलेल्या मित्रमंडळींनी प्रत्येकाने एक भयकथा लिहावी असे ठरविले, त्यातून ही कादंबरी जन्मली. १८१८ च्या आरंभी ती लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झाली. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा तरुण विद्यार्थी निर्जीव अवयव जोडून एक सजीव प्राणी घडवितो, तो डोळे उघडतो, आणि त्याचे रूप पाहून निर्माता पळून जातो. एवढे सर्वांना ठाऊक आहे. पुढचे फार थोड्यांना ठाऊक असते.

टाकून दिलेला तो जीव रानातील एका झोपडीला लागून असलेल्या पडवीत लपून राहतो. भिंतीच्या फटीतून तो आतील कुटुंबाकडे पाहतो. त्या घरी आलेल्या एका परदेशी तरुणीला घरातील मंडळी भाषा शिकवितात. बाहेर अंधारात बसलेला हा प्राणी तिच्याबरोबरीने, तिच्याहून वेगाने, बोलावयास व वाचावयास शिकतो. तिला जे इतिहासाचे पुस्तक वाचून दाखविले जाते त्यातून त्याला कळते की, माणसांच्या जगात संपत्तीची वाटणी आहे, दर्जा आहे, कुळ आहे, उच्च रक्त आहे. आणि ज्याच्याजवळ यांतील काहीच नाही त्याची गणना दुसऱ्यासाठी राबणाऱ्यांत होते. मग तो स्वतःला विचारतो की, मी कोण? वर्गाच्या भिंतीबाहेर बसून आतला धडा ऐकणे ही गोष्ट आपल्या वाडवडिलांना अपरिचित नव्हती. म्हणून हे प्रकरण वाचताना आम्ही थांबलो, हे मान्य करावयास हरकत नाही.

त्या घरातील म्हातारा आंधळा असतो. त्याला रूप दिसत नाही, म्हणून तो या प्राण्याशी ममतेने बोलतो. इतक्यात मुलगा घरी परततो, पाहतो आणि काठीने त्याला झोडपून काढतो. या प्रसंगानंतर त्या प्राण्याच्या हातून क्रौर्य घडू लागते. ते क्रौर्य लेखिका मुळीच झाकत नाहीत; एका निष्पाप बालकाचाही त्यात बळी जातो. परंतु ते जन्मजात नाही, वागणुकीतून आले आहे, असे त्या त्याच्याच तोंडून वदवितात. आजच्या बहुतेक आवृत्त्यांत अकराव्यापासून सोळाव्यापर्यंतची सहा प्रकरणे त्याने स्वतः सांगितलेली हकीकत आहे. इतके बोलणारे दुसरे पात्र त्या कादंबरीत क्वचितच आहे.

चित्रपटात तो केवळ गुरगुरतो. ही कल्पना चित्रपटाची स्वतःची नव्हे. १८२३ सालीच लंडनच्या रंगभूमीवर या कथेचे नाटक आले होते आणि त्यातही हे पात्र मुके केले होते. नाटकाच्या जाहिरातीत त्या पात्राच्या नावाच्या जागी केवळ एक रेघ छापली होती. मेरी शेली यांनी तो प्रयोग पाहिला आणि ती रेघ त्यांना आवडली, असे त्यांच्या पत्रावरून दिसते. १९३१ च्या चित्रपटात दिग्दर्शक जेम्स व्हेल यांनी सुरुवातीच्या नामावलीत रेघेऐवजी प्रश्नचिन्ह ठेवले. बोरिस कार्लोफ या नटाचे नाव शेवटी येते. आमच्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रश्नाचा उगम हा असा आहे.

परंतु नाव आणि वाचा काढून घेण्यापेक्षाही मोठा फेरफार दुसराच आहे. चित्रपटात शास्त्रज्ञाचा नोकर मेंदू चोरावयास जातो, चांगल्या मेंदूची बरणी त्याच्या हातून पडून फुटते आणि तो गुन्हेगाराच्या, विकृत अशी चिठ्ठी लावलेल्या मेंदूची बरणी घेऊन येतो. हा प्रसंग कादंबरीत कोठेही नाही. कादंबरी म्हणते, टाकून दिल्यामुळे तो असा झाला. चित्रपट म्हणतो, तो मुळातच तसा होता. कथानकाच्या दृष्टीने एका बरणीचा फरक! पण पाहणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम नेमका उलटा. पहिल्यात दोष निर्मात्याकडे व समाजाकडे जातो, दुसऱ्यात जन्माकडे. आपल्या देशात माणसाचे गुण जन्माने ठरविण्याचा उद्योग किती शतके चालला, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. मुलांना आम्ही जो चित्रपट आवडीने दाखविला त्यात तोच विचार बरणीत भरून ठेवलेला होता आणि आमच्या ते लक्षातही आले नाही. चित्रपट म्हणून तो सुंदर आहे, यात शंका नाही. कार्लोफ यांचे दोन्ही हात प्रकाशाकडे वर जातात तो क्षण मुलेही विसरली नाहीत. १९३५ च्या पुढील भागात व्हेल यांनी त्या प्राण्याला थोडेसे बोलते केले, तेही एका आंधळ्याच्याच झोपडीत. म्हणजे मूळ पुस्तकाची आठवण त्यांना होती.

आता एच. जी. वेल्स. यांचा जन्म १८६६ चा. वडिलांचे काचसामानाचे छोटे दुकान होते आणि ते धंदेवाईक क्रिकेटपटूही होते; १८६२ साली त्यांनी केंटकडून खेळताना लागोपाठच्या चार चेंडूंवर चार गडी बाद केले होते. हे विषयांतर झाले, पण आमच्या वसतिगृहातील मुले वेल्सला त्याच्या बापामुळे लक्षात ठेवतात! घरची मिळकत बसली तेव्हा आई ससेक्समधील अपपार्क नावाच्या मोठ्या वाड्यात नोकरचाकरांवर देखरेख करण्याच्या चाकरीस राहिली आणि पोराला कापडदुकानात उमेदवारीस लावण्यात आले. दुकानात दिवसभर उभे राहणे, दुकानातच झोपणे, हे त्याला असह्य झाले. आईकडे आल्यावर मात्र त्याला वाड्यातील ग्रंथसंग्रह वाचावयास मिळे. त्या वाड्याची रचना अशी होती की, नोकरांची कामाची जागा तळघरात असे आणि स्वयंपाकघर, दुग्धालय इत्यादींकडे जाण्यासाठी जमिनीखालून भुयारे काढलेली होती. वर राहणाऱ्यांच्या दृष्टीस चाकर पडू नयेत, अशी सोय!

१८९५ सालच्या 'द टाइम मशीन' या त्याच्या पहिल्या कादंबरीत प्रवासी ८,०२,७०१ या सालात पोहोचतो. वर उन्हात नाजूक, गोंडस, फळे खाणारे एलॉय लोक राहतात. ते काही काम करीत नाहीत. जमिनीखाली, विहिरींसारख्या तोंडांतून उतरून जावे लागते अशा अंधाऱ्या पोकळ्यांत, यंत्रांच्या धडधडीत मॉरलॉक राहतात. ही फूट कशी पडली, याचा प्रवासी जो तर्क करतो तो स्पष्ट आहे. भांडवलदार आणि मजूर यांच्यातील अंतर इतके वाढत गेले की, त्यांच्या दोन वेगळ्या जाती झाल्या. आपल्या काळच्या लंडनमधील भुयारी रेल्वे, तळघरातील कारखाने आणि पूर्वेकडील मजूरवस्ती यांचे दाखले तो देतो. एके काळी वरच्यांनी खालच्यांना खाली लोटले; आता खालचे रात्री वर येऊन वरच्यांना खातात. हे चित्र कोणाच्याच बाजूचे नाही. मॉरलॉकांविषयी प्रवाशाला किळस वाटते, आणि वेल्स ती लपवीत नाही. परंतु भुयारे कोणी खोदली, ते त्याने सांगून ठेवले आहे.

१९६० साली जॉर्ज पाल यांनी या कादंबरीवर रंगीत चित्रपट केला. त्यातील कालयंत्र पाहण्यासारखे आहे. दुकानाच्या काचेतील पुतळीच्या अंगावरील पोशाख क्षणाक्षणाला बदलत जातो आणि वर्षे धावतात, ही युक्ती मुलांना फार भावली. परंतु भूमिगत लोक कसे निर्माण झाले, याचे उत्तर येथे वेगळे आहे. शेकडो वर्षे चाललेल्या युद्धानंतर काही लोक आश्रयासाठी भुयारांत राहिले, काही वर आले, एवढेच. अणुबाँबच्या भीतीचा तो काळ होता, तेव्हा हा बदल समजण्यासारखा आहे. तथापि मालक आणि मजूर दोघेही कथेतून नाहीसे झाले. उरले ते सुंदर लोक आणि कुरूप लोक. येथेही बरणी बदललीच.

'रोबो' या शब्दाची कथा आम्हाला या सर्वांत अधिक महत्त्वाची वाटते. चेक नाटककार कारेल चापेक यांनी १९२० साली 'आर. यू. आर.' हे नाटक लिहिले व १९२१ च्या जानेवारीत ते प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात आले. एका बेटावरील कारखान्यात कृत्रिम कामगार तयार होतात, अशी कल्पना त्यांना सुचली होती. पण त्या कामगारांना काय म्हणावे ते सुचेना. लॅटिनमधील श्रमवाचक शब्दावरून काही करावे, तर ते पुस्तकी वाटे. त्यांचे बंधू योसेफ चित्रकार होते. कारेल यांनी पुढे सांगितले आहे की, आपण अडचण मांडली तेव्हा योसेफ तोंडात कुंचला धरून चित्र रंगवीत होते आणि त्यांनी तसेच पुटपुटत शब्द सुचविला. आज सगळ्या जगाच्या तोंडी असलेला हा शब्द असा जन्मला. 'रोबोता' या चेक शब्दाचा अर्थ काय? जमीनदाराच्या शेतावर कुळाने सक्तीने, मोबदल्याविना करावयाचे काम. बोहेमियात ही पद्धत कायद्याने १८४८ साली संपली. म्हणजे नाटक पाहावयास बसलेल्या प्रेक्षकांच्या आजोबा-पणजोबांनी ती भोगलेली होती.

मराठीत या गोष्टीला नेमका शब्द आहे, तो म्हणजे वेठ. रोबो म्हणजे वेठकरी. परंतु आपण त्याचे भाषांतर 'यंत्रमानव' असे केले. यंत्र आले, मानवही आला, आणि शब्दाच्या पोटात जी वेठ होती ती मात्र गळून पडली. भाषांतर करणाऱ्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. 'यंत्रमानव' हा शब्द सुटसुटीत आहे आणि तो टिकणार. मात्र वेठ या शब्दाचा अर्थ आपल्या लोकांना कोशात पाहावा लागत नाही. १८७४ च्या वतन कायद्याखाली गावाची व सरकारची कामे दिवसरात्र करणे ज्यांच्या माथी वंशपरंपरेने मारले गेले होते, त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या मार्च महिन्यात मुंबई कायदेमंडळात दुरुस्तीचे विधेयक मांडले. प्रागमध्ये रंगमंचावर वेठकऱ्यांचा प्रश्न उभा राहिल्यानंतर सातच वर्षांनी आपल्याकडे तो प्रत्यक्ष कायदेमंडळात उभा होता, असा हा योग आहे.

चापेक यांचे रोबो लोखंडाचे नाहीत, हेही सांगावयास हवे. ते कृत्रिम मांसाचे, पिंपांत कालवून तयार केलेले, दिसावयास हुबेहूब माणसासारखे आहेत. त्यांच्यातून भावना, दुखणे, आनंद हे 'अनावश्यक' भाग वगळलेले आहेत, म्हणून ते स्वस्त पडतात. माणसाने श्रमातून मुक्त व्हावे, असे कारखान्याच्या संचालकाचे स्वप्न आहे, आणि ते प्रामाणिक आहे. पुढे रोबो बंड करतात व माणसे मारतात. वाचतो एकटा आल्क्विस्ट. का? तर कारखान्याच्या अधिकाऱ्यांत तोच एक स्वतःच्या हातांनी विटा रचणारा असतो. तो आपल्यासारखाच हातांनी काम करतो, असे म्हणून रोबो त्याला सोडतात. आम्हाला या नाटकातील दुसरे काही आठवले नाही तरी एवढे आठवते. लंडनहून बीबीसीने ११ फेब्रुवारी १९३८ रोजी या नाटकाचा भाग दूरचित्रवाणीवर दाखविला. त्याच वर्षाच्या अखेरीस कारेल वारले. शब्द देणारे योसेफ १९४५ साली बेर्गेन-बेल्झेनच्या छळछावणीत मरण पावले.

त्याच सुमारास जर्मनीत फ्रित्झ लांग यांचा 'मेट्रोपोलिस' हा मूक चित्रपट आला. बर्लिनमधील पहिला खेळ १० जानेवारी १९२७ चा. वर गगनचुंबी इमारती, खाली कामगारांची वस्ती; दहा तासांचे घड्याळ; माना खाली घालून पावलात पाऊल टाकीत पाळी बदलणारे शेकडो मजूर. कामगाराला नाव नाही, टोपीवर क्रमांक आहे. यंत्राला माणसे गिळणाऱ्या दैवताचे तोंड फुटते, हे दृश्य आजही अंगावर येते. पण शेवट पाहा. मालक आणि कामगारांचा मुकादम चर्चच्या दारात हस्तांदोलन करतात आणि डोके व हात यांच्यामध्ये हृदयाने मध्यस्थी करावी, असा संदेश येतो. घड्याळ दहा तासांचेच राहिले की कमी झाले, ते कोणी सांगत नाही! स्वतः लांग यांनाही हा शेवट पुढे पटेनासा झाला. वेल्सने तर वृत्तपत्रात लेख लिहून या चित्रपटावर सडकून टीका केली. पटकथा लांग यांच्या पत्नी थेआ फॉन हार्बू यांची होती. या बाईंनी पुढे नाझी पक्षात प्रवेश केला आणि, आश्चर्य असे की, लांग यांच्यापासून विभक्त झाल्यावर त्यांनी बर्लिनमध्ये राहणाऱ्या अयी तेंडुलकर या आपल्याकडील पत्रकाराशी विवाह केला. माणसांचे हिशेब सरळ नसतात.

या चित्रपटातील पुराच्या दृश्यासाठी बर्लिनच्या गरीब वस्त्यांतून शेकडो मुले आणून त्यांना अनेक दिवस थंड पाण्यात उभे केले होते. कामगारांच्या दुःखाचे चित्र काढताना खऱ्या कामगारांच्या मुलांना भिजविले गेले, ही गोष्ट वाचल्यापासून ते दृश्य आम्हाला पूर्वीसारखे पाहता येत नाही.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, तर मग यंत्र हेच वाईट. युरोपातील पुष्कळ लेखकांनी तसा सूर लावला, आणि आपल्याकडेही लावला गेला. येथे बाबासाहेबांच्या १९४५ सालच्या काँग्रेस व गांधीजींवरील इंग्रजी ग्रंथाचे स्मरण होते. त्यात त्यांनी यंत्रविरोधाचा समाचार घेतला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, माणसाला पशूसारखे राबण्यातून सोडवून त्याला फुरसत आणि संस्कृती मिळवून देणारे साधन यंत्रच आहे. यंत्राचा लाभ थोड्यांच्या हाती गेला असेल, तर दोष समाजरचनेचा आहे, यंत्राचा नव्हे. ज्यांचे पूर्वज डोक्यावर भार वाहत होते त्यांनी यंत्राला भ्यावे, असे काही कारण आम्हालाही दिसत नाही. चापेक यांचा संचालक स्वप्नात चुकत नाही. श्रम करणाऱ्याला भावना नाहीत असे धरून चालतो, तेथे चुकतो.

आयझॅक आसिमॉव्ह यांनी १९४२ सालच्या एका कथेत रोबोंचे तीन नियम घालून दिले. माणसाला इजा करू नये. माणसाची आज्ञा पाळावी. आणि या दोहोंना बाध येत नसेल तर स्वतःचा बचाव करावा. अभियंत्याच्या दृष्टीने हे नियम निर्दोष आहेत आणि यंत्राला ते शोभतात. पण क्रम पाहावा, जीव शेवटी आहे, आज्ञा आधी. ज्या कथेत हे नियम प्रथम आले तिच्यातील जुने रोबो माणसाला मालक म्हणून हाक मारतात, आणि त्यांच्यात गुलामवृत्ती मुद्दाम घडविली आहे, असा उल्लेख तेथेच येतो. आसिमॉव्ह यांना हे दिसत होते, असे आमचे मत आहे; त्यांनी कथा मात्र कोडे सोडविल्याच्या आनंदात पुढे नेली.

चित्रपट नेहमीच मूळ प्रश्न पुसून टाकतो, असे मात्र नाही. फिलिप के. डिक यांच्या १९६८ च्या कादंबरीवरून रिडली स्कॉट यांनी १९८२ मध्ये 'ब्लेड रनर' केला. कादंबरीतील कृत्रिम माणसे दुसऱ्याच्या दुःखाने न हलणारी आहेत, तोच त्यांना ओळखण्याचा निकष आहे. चित्रपटाने उलट केले. आरंभीच्या मजकुरातच त्यांना परग्रहांवरील गुलाम मजूर म्हटले आहे, त्यांचे आयुष्य चार वर्षांचे ठरविलेले आहे, आणि शेवटी त्यांच्यातील म्होरक्या, ज्याने आपल्याला ठार मारावयाचे आहे त्याच माणसाला कड्यावरून पडताना हात देऊन वर ओढतो. मग तो पावसात बसून बोलतो. १९३१ साली काढून घेतलेली वाचा अर्ध्या शतकाने परत मिळाली, असे आम्हाला ते पाहताना वाटले. डिक त्या चित्रपटाच्या प्रदर्शनापूर्वी काही महिने निवर्तले होते. चित्रपटात मारहाण व इतर काही दृश्ये अशी आहेत की, लहान वर्गांना तो दाखविता येणार नाही. दहावीनंतर अवश्य पाहावा.

आठवीतील तो विद्यार्थी आता नववीत आहे. येत्या विज्ञान सप्ताहात 'फ्रँकेन्स्टाइन' पुन्हा लावावयाचा असे ठरले आहे. या वेळी पडदा उघडण्यापूर्वी कादंबरीतील भिंतीच्या फटीचे प्रकरण मराठीत सांगावयाचे आहे. सांगण्याचे काम त्यानेच मागून घेतले आहे.